अठराच होल्स का?
गोल्फच्या एका फेरीत अठराच होल्स का, असा प्रश्न आहे. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा मैदानाचा एक टप्पा. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर आधी २२ होल्सची फेरी असे. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल्स जोडून दोन केले. तेच होल्स जाताना आणि परतताना खेळत असल्यामुळे फेरीतले चार कमी झाले, उरले अठरा. बाकीच्यांनी हा आकडा पुढे हळूहळू उचलला.

स्ट्रोक प्ले आणि मॅच प्ले या गोल्फ खेळायच्या दोन पद्धती मात्र एक समजू नका. पहिल्यात सगळे फटके मोजतात, दुसऱ्यात प्रत्येक होल वेगळा जिंकायचा. एका होलवर दहा फटके गेले तरी नुकसान तेवढ्या एकाच होलचं. मला तीच झुंज जास्त आवडते. पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फपटूंची मोठी स्पर्धा १९५७ पर्यंत तशीच खेळली जायची, १९५८ पासून स्ट्रोक प्ले आलं. रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या संघांमधली स्पर्धा, अजूनही मॅच प्लेच आहे, जरूर बघा.