मदत हवी आहे: होरिगोतात्सूच्या (टेबलाखालच्या खड्ड्याच्या) काठच्या तातामीला (गवती चटईला) बुरशी

क्योतोतल्या जुन्या माचियामध्ये (पारंपरिक लाकडी घरात) ८ तातामींची जेवणाची खोली आहे. चटया क्योमा (क्योतोकडच्या) मापाच्या, १९१ × ९५.५ सेंमी, जाडी साधारण ५.५ सेंमी. मधल्या बुटक्या टेबलाखाली पाय सोडायला ४० सेंमी खोल खड्डा. जून-जुलैच्या त्सुयू पावसात नेमकी खड्ड्याच्या काठाशीच इगुसा गवतावर हिरवट पूड धरते. बाकी खोली ठणठणीत. ओलं फडकं लावलं की आणखी फोफावते, म्हणून वाळल्यावर विणीच्या दिशेने ब्रश आणि मग इथेनॉल. पण मूळ खालच्या दमट मातीत असावं.

खड्ड्याच्या तळाला ओलरोधक कागद घालावा की बाजूच्या फळ्यांना झरोके पाडावेत? वाशी (जपानी) कागदाच्या तातामी टिकतील, पण फक्त काठालाच घातल्या तर? इगुसा जुना होऊन सोनेरी होतो, वाशी होत नाही. ठिगळच दिसेल ते! कुणी केलंय का?