भजनी मंडळात सर्वांना गाता यावे यासाठी काय बदलावे?

गुरुवारची_पेटी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सोसायटीत गेली आठ वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी भजन होते. सुरुवातीला आम्ही सहा जणी होतो, आता चौदा बायका आणि चार पुरुष येतात. पेटी मी वाजवते आणि अभंगांची निवडही बहुतेक वेळा माझ्याकडेच असते, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्याची जबाबदारीही प्रथम माझीच आहे.

गेल्या एकादशीला आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी दुसऱ्या अभंगानंतर वही मिटली, चष्म्याच्या घरासकट ती पिशवीत ठेवली आणि उरलेला वेळ त्या नुसता टाळ वाजवत बसल्या. घरी सोडायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अक्षरं दिसत नाहीत आणि तुमची पट्टीही मला झेपत नाही. तुमचं गाणं बिघडायला नको." त्या रात्री मी एकेकाचा विचार करत बसले आणि लक्षात आले की असे गप्प झालेले आमच्यात बरेच जण आहेत. एका ताईंना श्रवणयंत्र आहे आणि भजन रंगात आले की त्या ते काढून ठेवतात. एका काकांना पक्षाघातानंतर बोलता येत नाही. त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन येतात, पण मागच्या भिंतीशी बसवतात. चाकाच्या खुर्चीवर असणारी एक मुलगी फार गोड गाते, पण भजन तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट दुसऱ्याच मजल्यापर्यंत आहे. एका गृहस्थांना तर आमच्यापैकीच कोणीतरी "तुम्ही नुसता टाळ धरा" असे सांगितले होते, आणि ते यायचे बंद झाले.

कोणाची कणव करावी असा माझा हेतू नाही. ही सगळी गाणारी माणसे आहेत, आणि आमच्या मांडणीमुळे ती ऐकणारी होऊन बसली आहेत. पट्टी, वह्या, बसण्याची जागा, चालींची निवड यांत नेमके काय बदलावे हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

काळी_एक यांचा प्रतिसाद

ताई, मी पस्तीस वर्षे पेटी शिकवतो आहे, म्हणून पट्टीपुरतेच पण सविस्तर लिहितो.

पट्टी म्हणजे पेटीवरची जी पट्टी षड्ज (सा) मानून गायचे ती. तुमचे मंडळ बहुधा काळी 4 किंवा काळी 5 मध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या पट्टीला सा मानून, गात असणार, कारण बायकांच्या मंडळात तशीच पद्धत आहे. पुरुष साधारण पांढरी 1 ते काळी 2 या टापूत गातात. त्यांनी तुमच्या काळी 5 मध्ये गायचे ठरवले, तर एक सप्तक खाली जाऊन त्यांना खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, घुटमळावे लागते आणि तुमच्याच सप्तकात राहिले तर अंतऱ्याला (चालीच्या वर चढणाऱ्या भागाला) ओरडावे लागते. अशा वेळी बहुतेक मंडळे मधली एखादी पट्टी धरून मोकळी होतात. तिने बायकांचे खालचे सूर पुसट होतात, पुरुषांचे वरचे सूर ताणले जातात आणि कोणाचेच समाधान होत नाही.

माझ्या अनुभवात यावर दोन मार्ग चालतात, आणि कोणता घ्यायचा ते चालीवरून ठरवावे. ज्या चालीचा पल्ला मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पंचमापासून (प) मध्य सप्तकातल्या पंचम-धैवतापर्यंतच (प-ध) आहे, ती काळी 1 मध्ये लावावी. पुरुष आपल्या सप्तकात गातील, बायका एक सप्तक वर गातील आणि दोघांचाही गळा मोकळा राहील. घरोघरी आरत्या नकळत अशाच म्हटल्या जातात. ज्या चालीचा अंतरा तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ला, भिडतो, ती तुमच्या काळी 4 मध्येच राहू द्यावी, मात्र अंतरा चार-पाच जणींनीच म्हणावा आणि ध्रुवपद सर्वांनी घ्यावे. काळी 4 चा षड्ज म्हणजे काळी 1 मध्ये गाणाऱ्या पुरुषाचा पंचम. त्यामुळे षड्ज ते पंचम एवढ्यात फिरणारे ध्रुवपद स्त्रिया आणि पुरुष एकाच सप्तकात, एकाच उंचीवर म्हणू शकतात. अशी ध्रुवपदे शोधली तर पुष्कळ सापडतात.

दुसरे असे की साठीनंतर बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो, आणि आठ वर्षांपूर्वी ठरवलेली पट्टी आज अनेकींना जड जात असेल. "झेपत नाही" असे त्या काकू म्हणाल्या, त्यात गळ्याचा दोष नाही, पेटीवरच्या बोटाचा आहे. दर वर्षी एकदा प्रत्येकीला एकेकटे गायला लावून पट्टी तपासून घ्या.

लयीबद्दलही एक सांगतो. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि प्रत्येक अभंगाला शेवटी लय चढवत गजर करायचा, ही आपली सवय. ज्यांचा श्वास आखूड आहे ते त्या चढत्या लयीत प्रथम गळतात. सगळे गजर सोडा असे मी म्हणणार नाही, कारण त्यात फार मोठा आनंद आहे. पण तीन अभंगांतले दोन तरी आहे त्या लयीत संपवावेत. ज्यांना मांडी घालून बसणे अवघड जाते त्यांना खुर्ची द्यावी, आणि ती मागे नको, ओळीतच हवी. पोट दुमडून बसलेल्या माणसाचा दम अर्ध्या चरणातच संपतो.

स्पर्शलिपी यांचा प्रतिसाद

मी जन्मांध आहे आणि पंचवीस वर्षे वेगवेगळ्या भजनी मंडळांत गातो आहे. काकूंच्या वहीबद्दल प्रथम लिहितो.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी अक्षर किमान 20 ते 24 पॉइंटचे, ठळक आणि काळेभोर असावे. कागद चकचकीत नको, त्यावर दिव्याची तिरीप येते. एका पानावर एकच अभंग घ्यावा आणि चरण एका पानावर अर्धा व दुसऱ्यावर अर्धा असा तोडू नये. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने मोठ्या अक्षरांची वही केवळ दोघींसाठी केली होती. महिन्याभरात निम्म्या मंडळाने तीच मागितली.

ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांच्यापैकी जे ब्रेल वाचतात त्यांच्यासाठी भारती ब्रेल आहे. सहा टिंबांच्या या लिपीत मराठी आणि हिंदीतला "क" एकाच खुणेने लिहिला जातो, त्यामुळे हिंदी पदांसाठी वेगळी लिपी शिकावी लागत नाही. परंतु उतारवयात दृष्टी गेलेले बहुतेक जण ब्रेल शिकलेले नसतात, आणि ज्याच्या दोन्ही हातांत टाळ आहे त्याला ब्रेल वाचायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून माझा भर पाठांतरावर आहे. गुरुवारचे अभंग मंगळवारी कोणीतरी सावकाश म्हणून त्यांचे ध्वनिमुद्रण गटावर पाठवावे. सोबत मजकूरही पाठवावा, पण वहीच्या पानाचा फोटो पाठवू नये, कारण फोन मजकूर वाचून दाखवतो, फोटोतले हस्ताक्षर त्याला सहसा नीट वाचता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात छापलेली पीडीएफ असेल तर फोन असंबद्ध अक्षरे बरळतो. अशी पीडीएफ ऐकत मी एकदा अर्धा तास घालवला, आणि त्या दिवशी भजनाला गेलोच नाही.

वारकरी परंपरेने हे काम फार पूर्वीच सोपे करून ठेवले आहे. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग रोज ठरलेल्या क्रमाने म्हटले जातात आणि एकच ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो मुखोद्गत असतो. तुमच्या गुरुवारी पहिले तीन अभंग वर्षभर तेच ठेवून पाहा. नवे काय शिकायचे ते त्यानंतर शिकावे.

आणखी एक गोष्ट डोळस मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही. भजनातल्या खुणा डोळ्यांच्या असतात: मान हलवली की चरण पुढे, हात वर केला की ध्रुवपद, डोळे मिटले की शेवट. मला त्यांतले काहीच मिळत नाही. पुढचा चरण सुरू होण्याआधी त्याचा पहिला शब्द कोणीतरी मोठ्याने उच्चारला किंवा शेवटच्या आवर्तनाला टाळाचा ठरावीक तोडा वाजला, तर मी तुमच्याबरोबर थांबतो. नाहीतर सगळे थांबल्यावर माझा एकट्याचा आवाज पुढे जातो, आणि तो क्षण फार लाजिरवाणा असतो. आम्ही खालच्या आवाजात गातो ते या भीतीने.

तळेगावची_लेक यांचा प्रतिसाद

आई श्रवणयंत्र वापरते आणि वडिलांना चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, म्हणून दोन्ही गोष्टी घरात पाहिल्या आहेत.

श्रवणयंत्र मुळात बोलणे ऐकण्यासाठी बसवलेले असते. बारा जोड टाळ एका खोलीत वाजू लागले की तो तीव्र आवाज यंत्र दाबू पाहते आणि त्यासोबत शब्दही दबतात. शिवाय यंत्रात शिटी वाजू नये म्हणून जी सोय असते, ती पेटीच्या लांबवलेल्या सुरालाच कधीकधी शिटी समजते आणि सूर थरथरता ऐकू येतो. आई म्हणायची, "पेटी बिघडली आहे का गं?" यंत्र बसवून देणाऱ्या तज्ज्ञांना सांगितल्यावर त्यांनी संगीतासाठी वेगळी योजना त्यात भरून दिली आणि बराच फरक पडला. तुमच्या ताईंना हे जरूर विचारायला सांगा. मंडळाने करण्यासारखे एवढेच आहे की त्यांना टाळांपासून दूर, पेटीजवळ बसवावे, गाणाऱ्यांची तोंडे त्यांना दिसतील अशी जागा द्यावी आणि दिवा गाणाऱ्यांच्या पाठीमागे नसावा. टाळांची संख्या निम्मी केली तर इतर अनेकांनाही शब्द ऐकू येतील, असे मला वाटते.

आता काकांविषयी. माझ्या वडिलांना वाचाघात झाला, म्हणजे समजत सगळे होते पण शब्द तोंडातून बाहेर येत नव्हता. "पाणी" म्हणता येईना म्हणून ते पेल्याकडे बोट दाखवत. चौथ्या महिन्यात आत्या घरी आली आणि स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता लहानपणचा अभंग गुणगुणू लागली. बाबा बाहेरच्या खोलीत पलंगावर होते. दुसऱ्या ओळीला ते तिच्याबरोबर गाऊ लागले, शब्द स्पष्ट, ओळ पूर्ण. आत्याच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. ओळ संपल्यावर त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र पुन्हा एकही शब्द आला नाही.

वाचा उपचारतज्ज्ञांनी सांगितले की हे पुष्कळ रुग्णांमध्ये दिसते. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते, चाल आणि पाठ असलेले शब्द मात्र अन्य वाटांनीही येऊ शकतात, आणि याच निरीक्षणावर आधारलेली एक उपचारपद्धती 1973 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी मांडली होती. गाण्याने बोलणे आपोआप परत येते असे मात्र कोणी समजू नये. बाबांचे आले नाही. पण आठवड्यातून एक तास त्यांच्या तोंडून शब्द येतात, आणि त्या तासासाठी ते सकाळपासून दाढी करून, सदरा घालून बसतात.

म्हणून त्या काकांना भिंतीशी बसवू नका. त्यांच्या लहानपणच्या चाली कोणत्या हे पत्नीला विचारा, लय थोडी उतरवा, चरणाचा पहिला शब्द त्यांच्याबरोबर म्हणा. ते गायले तर टाळ्या वाजवू नका आणि त्यांना एकट्याने म्हणायला लावू नका. चारचौघांसारखे चारचौघांत गाणे, एवढेच त्यांना हवे असते.

स्पर्धेचा_अनुभव यांचा प्रतिसाद

वरील सर्व प्रतिसादांविषयी आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. आमचे मंडळ स्पर्धांत उतरते. तेथे आवाजांचे एकजीव होणे, उच्चार, ठेक्याची शुद्धता या सर्वांसाठी वर्षभर कष्ट घ्यावे लागतात, आणि सूर न लागणारी व्यक्ती मध्ये असेल तर बाकीच्यांचे कष्ट वाया जातात. सुराची आस्था हीसुद्धा भक्तीच आहे, ती बाजूला सारून सर्वांना सामावून घ्यावे हे मला पटत नाही. दोन वेगळे दिवस ठेवावेत: एक सर्वांचा आणि एक तालमीचा. मात्र सर्वांच्या दिवशी चांगल्या गाणाऱ्यांनीही आलेच पाहिजे. नाहीतर तो दिवस उरलेल्यांचा होतो, आणि असे होताना मी पाहिले आहे.

अमरावतीकर यांचा प्रतिसाद

ज्यांना "नुसता टाळ धरा" असे सांगितले गेले, त्यांच्यासाठी लिहितो. सूर मुळीच ओळखता येत नाही अशी माणसे फार थोडी असतात. बाकीच्यांचा सूर कोणी कधी शोधलेलाच नसतो. त्यांना तुमचा सूर देऊन "हा लावा" म्हणू नका. त्यांना सहज एक स्वर लांबवायला सांगा, पेटीवर तो शोधा आणि तुम्ही त्यांच्या सुरात गा. आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळला की काय वाटते, हे एकदा त्यांच्या अनुभवाला आले की तेथून एकेक सूर वर-खाली नेता येते. शाळेत मी हे अनेक मुलांबरोबर केले आहे. वेळ लागतो, पण होते.

माझे लहानपण गुरुकुंज मोझरीच्या परिसरात गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावी रोज संध्याकाळी होत असे. कोणाचा धर्म कोणता, जात कोणती, गळा कसा, हे न विचारता सगळे ओळीने बसत. तुमच्या सोसायटीत अभंग न म्हणणारे शेजारीही असतीलच. महिन्यातून एकदा त्यांनाही आपलीशी वाटतील अशी पदे घ्यावीत, एवढे सुचवतो.

गुरुवारची_पेटी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

भजन आता तळमजल्यावरच्या वाहनतळात होते. तेथे आवाज घुमतो म्हणून सतरंज्यांखाली जुन्या गाद्या घातल्या आणि टाळ पाचच जोड ठेवले. श्रवणयंत्र असलेल्या ताई माझ्या उजव्या हाताला बसतात; गेल्या गुरुवारी त्यांनी यंत्र काढले नाही. सगळ्यांचे आवाज एकेकटे तपासले तेव्हा चौदांपैकी नऊ जणींना काळी 5 जड जात होती, आणि आठ वर्षांत एकीनेही ते मला सांगितले नव्हते. आता तारात जाणारे अभंग काळी 4 मध्ये आणि बाकीचे काळी 1 मध्ये घेतो. काकूंना मोठ्या अक्षरांची वही दिली आहे. पक्षाघात झालेले काका अद्याप गायलेले नाहीत, पण ते आता दुसऱ्या ओळीत बसतात आणि ध्रुवपदाला त्यांचे ओठ हलतात.

स्पर्धेविषयी ज्यांनी लिहिले, त्यांचे म्हणणे मी मंडळासमोर ठेवले. दोन जणींना तालमीचा वेगळा दिवस हवा आहे. तो रविवारी सकाळी ठेवू, आणि त्या दोघी गुरुवारीही येणार आहेत. ज्या गृहस्थांना गप्प बसवले गेले त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. त्यांनी चहा दिला, इकडचे तिकडचे बोलले, येतो असे म्हणाले नाहीत. या गुरुवारी पुन्हा जाईन. पेटी बरोबर नेऊ का, हे मात्र ठरत नाही. अमरावतीकरांनी सांगितलेला प्रयोग त्यांच्या घरी, इतर कोणी नसताना केला तर त्यांना बरे वाटेल की अवघडल्यासारखे होईल? असा प्रसंग ज्यांनी हाताळला आहे त्यांनी कृपया लिहावे.