मदत हवी आहे : अंडपेशी केंद्रकाची कुलपं कशी उघडते?

नमस्कार मंडळी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. क्लोनिंगच्या तासाला एका मुलीने विचारलेला प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची गोष्ट ठाऊक असेलच. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी, तिच्याशी जोडलेली केंद्रक काढलेली अंडपेशी आणि त्यातून ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेलं कोकरू. म्हणजे पेशी कासेची झाली तरी डीएनए शाबूत असतो, फक्त नको त्या जनुकांना कुलपं लागलेली असतात. मुलीने विचारलं, "मॅडम, मग किल्ल्या अंडपेशीत आधीपासून कशाला असतात?"

फार सुंदर प्रश्न! मी सांगितलं, शुक्रपेशीसाठी. तिचा डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांवर गच्च आवळलेला असतो. अंडपेशी ती प्रोटामिनं काढून हिस्टोन (इतर पेशींत डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) बसवते, डीएनएवरच्या मिथाइलच्या, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा पुसायला लागते. कासेचं केंद्रक आलं तरी तीच यंत्रणा कामाला लागते.

पण पुढे मीच अडले. डॉलीच्या वेळी २७७ अंडपेशींतून एकच कोकरू जन्मलं. डीएनएवरच्या नव्हे, तर हिस्टोन एच३ या प्रथिनातल्या नवव्या लायसिनवरच्या (लायसिन हे एक अमिनो आम्ल) तीन मिथाइल खुणा हा मोठा अडथळा आहे, आणि त्या पुसणारं केडीएम४डी हे विकर (एन्झाइम) बाहेरून पुरवलं की उंदरांत यश वाढतं, एवढं वाचलंय. मग अंडपेशीला स्वतःहून त्या का पुसता येत नाहीत? शुक्रपेशीकडून अशा खुणा फारशा येतच नाहीत, म्हणून?

भ्रूणविज्ञानात काम करणारं कुणी असेल तर कृपया समजावा. फळ्यावर काढता येईल अशी आकृती सुचवलीत तर फारच उत्तम. सोमवारी पुन्हा तास आहे.