मदत हवी आहे: पणजीत एकटीने संध्याकाळी कुठे बसावं, काय खावं-प्यावं?

वाळवा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने पणजीला जातेय. मुक्काम पाटोला, कदंबा स्टँडजवळ. काम दुपारी तीन-साडेतीनला आटपेल, पुढे सगळी संध्याकाळ मोकळी आणि सोबत कोणी नाही. गोव्याला आधी गेलेय ते कुटुंबकबिल्यासकट. म्हणजे कळंगूट, मंगेशी, शांतादुर्गा आणि येताना काजू. पणजी म्हणजे गाडीच्या काचेतून दिसलेला मांडवीचा पूल आणि कसिनोच्या बोटी, बास.

या खेपेला गावातली माणसं जिथे बसतात तिथे बसायचंय. छोटे बार, साधी खानावळ, रात्रीचे गाडे. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, हंगाम असतो म्हणतात, तीही चाखायचीय. मासे सगळे चालतात, पोर्क चालतं. छत्री लावलेली गोड कॉकटेलं नकोत.

आता अडचण. मी सांगलीची, वय ४६. आमच्याकडे परमिट रूममध्ये बाई एकटी शिरली तर ऑर्डर यायच्या आधी बातमी घरी पोचते. पणजीत काय परिस्थिती आहे? 'फॅमिली सेक्शन वर आहे' म्हणून माडीवरच्या एसीत कोंडतात का? दुसरं म्हणजे एकट्या माणसाला संपेल एवढंच मागवता येतं का? मागे एका किनाऱ्यावर (नाव राहू दे) चौघांचं टेबल अडवलं म्हणून वेटर दर पाच मिनिटांनी 'और कुछ?' विचारत उभा राहायचा, आणि मासा दाखवला तो किलोभराचा. तिसरं, रात्री नऊ-साडेनऊला चालत परत येणं कितपत ठीक?

'टॉप टेन' याद्या वाचून झाल्यात. सगळीकडे तीच नावं आणि तेच निळे-पिवळे दरवाजे. तिथे जाऊन वागायचं कसं, ते सांगा.

घाटावरचा

सरळ एखाद्या बऱ्या हॉटेलच्या बारमध्ये बसा की. एसी, स्वच्छ टॉयलेट, कोणी बघत नाही. लोकल लोकल करत पोट बिघडवून घेण्यात काय मजा आहे कळत नाही.

वाळवा_एक्सप्रेस

@घाटावरचा, दादा, ते सांगलीतही मिळतं हो. टॉयलेटचा मुद्दा मात्र लिहून घेतला.

मांडवीकाठ

ताई, मी पणजीतलाच. जागेपेक्षा वेळ सांभाळा, मग एकट्या माणसाला इथे कुठेही खुर्ची मिळते.

हे गाव दुपारी झोपतं. एकच्या सुमारास शटरं खाली येतात ती साडेतीन-चारला वर जातात. जुन्या खानावळींचंही तेच. जेवणाची वेळ संपली की बंद, मग संध्याकाळी पुन्हा. तुमचं काम तीनला संपणार, म्हणजे थाळी हुकणार. जेवायची सुट्टी असेल तर साडेबाराच्या आत पोचा. १८ जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकला एक वाजता गेलात तर जिन्यात रांग असते, पण एकटं माणूस असेल तर कोणाच्या तरी टेबलाला लावून देतात. चौघांचं कुटुंब ताटकळतं आणि तुम्ही आत. ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम लहान आहे, तिथेही टेबल वाटून घ्यायची पद्धत. समोरचा माणूस मान हलवेल आणि आपलं हुमण-भात ओढत बसेल. तुम्हीही मान हलवा, एवढाच शिष्टाचार.

थाळी हे एकट्यासाठीच बनवलेलं जेवण आहे. हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, भाजी, सोलकढी, सगळं एकेक वाटी. तळलेला मासा वेगळा सांगायचा. त्या दिवशी काय ताजं आहे ते विचारा आणि तुकडीत मिळणारा घ्या, म्हणजे इसवण (सुरमई) किंवा मोडसो. किंवा दोन बांगडे रवा लावून. अख्खी चणाक मागवलीत तर किलोच्याच वाटेने जाल.

मासे खायला एप्रिल बरा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा आला असता तर वेगळं सांगितलं असतं.

इतिहासाचा_किडा

अवांतर, पण राहवत नाही. पणजीत दोन रस्ते तारखांच्या नावाचे आणि पर्यटक दोन्ही तारखा गोवा मुक्तीला चिकटवतात. १८ जून म्हणजे १९४६ साली मडगावात राममनोहर लोहियांनी सत्याग्रहाची ठिणगी टाकली तो दिवस. ३१ जानेवारीचा आपल्याशी काही संबंध नाही. तो १८९१ साली पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या फसलेल्या उठावाचा दिवस. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. पोर्तुगीज गेले, रस्त्याचं नाव राहिलं, आणि आता त्याच्यावर आपण माशांची थाळी खातो. चालू द्या.

तिरफळ

बाई म्हणून उत्तर मी देते, पुरुषांना यातलं निम्मं दिसत नाही.

पणजीत बाईने बारमध्ये बसणं ही बातमी नाही. इथे दारू घरात, लग्नात, फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) सगळ्यांसमोर असते. कितीतरी तावेर्नांच्या, म्हणजे छोट्या बारांच्या, गल्ल्यावर बाईच बसलेली असते, आणि बाई गल्ल्यावर असेल तर डोळे झाकून आत जा. पण सगळे बार सारखे नाहीत. बाहेरून एक नजर टाकायची. दार उघडं, दिवा पांढरा, आतलं रस्त्यावरून दिसतंय, कोणीतरी खातंय, मग ठीक. काळी काच, आत लाल-निळा उजेड, दारात उगाच उभी असलेली दोन माणसं, मग पुढे चला.

सुरुवात फोंतेन्हासला लागून असलेल्या सांव तोमे या जुन्या वस्तीतल्या जोझफ बारपासून करा. यादीतलं नाव आहे, मान्य, पण एकट्या माणसासाठी खरंच सोयीचं. आत जागा एवढीशी की टेबल अडवण्याचा प्रश्नच येत नाही. ग्लास घ्यायचा आणि बाहेर गल्लीत भिंतीला टेकून उभं राहायचं. सातच्या सुमारास जा. आठनंतर तरुण मुलामुलींची गर्दी गल्लीत सांडते, मग काउंटरपर्यंत पोचायला कोपरं लागतात. एक लक्षात ठेवा, त्या गल्लीत वरच्या मजल्यावर लोक राहतात. फोंतेन्हासमधली माणसं फोटोवाल्यांना आणि गोंगाटाला आधीच वैतागलेली आहेत. कोणाच्या पायरीवर बसू नका, आवाज खाली ठेवा.

बसूनच हवं असेल तर हॉटेल वेनिते. लाकडी जिन्याने वर जायचं, रस्त्यावर झुकलेल्या चिंचोळ्या बाल्कन्या आहेत आणि एकेकीत जेमतेम दोघांपुरतं टेबल. तिथे एकटं माणूस केविलवाणं दिसत नाही, उलट हेवा वाटतो. शक्यतो उघडल्या उघडल्या जा, बाल्कनी मिळेल.

नऊ-साडेनऊला फोंतेन्हासमधून उरें खाडीवरचा पूल ओलांडून पाटोला चालत जाणं मी करते. पण पाटो ही ऑफिसांची वस्ती, संध्याकाळी रिकामी होते, तेव्हा आतल्या गल्ल्यांपेक्षा मोठा रस्ता धरा. बांदोडकर मार्गावर कसिनोवाले 'मॅडम, पॅकेज' म्हणत मागे लागतात. उत्तर देऊ नका, तिसऱ्या पावलाला सोडतात. उशीर झाला तर गोवामाइल्सची टॅक्सी बोलवा. दिवसा पायलट मिळतो, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल. भाडं बसायच्या आधी ठरवायचं.

नुस्तेखाऊ

हुर्राकबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी.

काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर पहिल्यांदा गाळला की हुर्राक. तीच पुन्हा आंबलेल्या रसासोबत भट्टीला चढवली की फेणी. फेणी ४२ टक्क्यांच्या घरात जाते, हुर्राक १५ च्या आसपास. म्हणून लोक तिला हलकी समजतात आणि तिथेच फसतात. उन्हातून आलेलं माणूस, बर्फ, लिम्का, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. पहिला ग्लास सरबतासारखा जातो, दुसरा कधी गेला कळत नाही, आणि खुर्चीवरून उठताना हिशोब लागतो. एकटं असताना नियम एकच ठेवा, ग्लासाला ग्लास पाणी आणि मध्ये काहीतरी खाणं.

वासाने दचकू नका. पिकून फुटलेल्या बोंडाचा वास आहे तो, मिरची पडली की बसतो. मे सरला की ताजी मिळणं संपलं, त्यामुळे तुमची वेळ उत्तम. फेणी मागवलीत तर काजूची की माडाची विचारतील. माडाची जरा सौम्य, पण पणजीत काजूचीच चलती. पहिल्यांदा असेल तर आमसुलाचं आगळ, मिरची आणि सोडा घालून द्या म्हणावं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दारू गावठीच ती, उगाच वाइनसारखी हुंगत बसू नका.

रात्रीचं जेवण गाड्यावर. रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा) रस्सा, वर कांदा, लिंबू, बाजूला पाव. एका माणसाचं एक ताट, चौघांच्या टेबलाची भानगडच नाही. चोरीस (पोर्कचं मसालेदार सॉसेज) पाव दिसला तर घ्या, मात्र तेलाचा डाग पडतो, पांढरा कुर्ता घालून जाऊ नका.

सोलकढी_प्लीज

सकाळचं कोणी सांगितलंच नाही! कॅफे तातो किंवा कॅफे भोसले. पातळभाजी-पाव, सुकी भाजी, मिरची भजी, गोडसर बन आणि चहा. समोर पेपर उघडून बसलेले काका असतात, तेही एकटेच. पाव नको असेल तर पोय मागा, कोंड्याची, आत पोकळ.

घाटावरचा

बरं, टॉयलेट कुठलं स्वच्छ ते कोणी सांगितलं का?

तिरफळ

@घाटावरचा, छोट्या बारचा भरवसा धरू नये हे खरंय. ताई, पाटो जवळच आहे. हॉटेलवर जाऊन, अंघोळ करून मगच निघा. एप्रिलचा घामही जाईल.

वाळवा_एक्सप्रेस

पणजीतूनच लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

जोझफला सातला पोचले. हुर्राक मागितली तर काउंटरवरच्या माणसाने आधी विचारलं, मिरची किती? 'सांगली' म्हटल्यावर दोन टाकल्या. बाहेर भिंतीशी एक आजोबा पायात पिशवी धरून उभे होते, पिशवीत पाव. त्यांनी नुसतं सरकून जागा दिली. बऱ्याच वेळाने 'पहिली?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, तर म्हणाले, 'बर्फ वितळू दे, मग पी.' खरंच, सुरुवातीचा उग्र वास जाऊन पेरूसारखा स्वाद उरला. दुसरा ग्लास घेतला नाही, नुस्तेखाऊंचा धाक.

वेनितेची बाल्कनी उद्या. थाळीचं जमलं नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत ऑफिसवाल्यांनी पनीर मागवलं. गोव्यात! शनिवारी निघायच्या आधी रिट्झ गाठणार आहे.

शेवटचा प्रश्न: हुर्राकची एक बाटली घरी न्यावी म्हणतेय. मुलगा २५ चा आहे, त्याला दाखवायची. परत सावंतवाडी-आंबोलीवरून एसटीने. जमेल?

नुस्तेखाऊ

नका नेऊ. एक तर ती टिकत नाही, चव उतरते. आणि सैल बुचाच्या बाटलीतून एसटीत वास सुटला तर शेजारचा प्रवासी कंडक्टरला सांगेल.

मांडवीकाठ

परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका तुमच्या वाटेवरच आहे. एका बाटलीसाठी पिशवी उपसायला लावतील. त्यापेक्षा आगळाची बाटली न्या, नगरपालिकेच्या मार्केटात मिळेल. आणि मुलाला पुढच्या एप्रिलमध्ये इकडेच घेऊन या. शनिवारी रिट्झला साडेबाराच्या आत बरं का, त्या दिवशी बाहेरगावची गर्दी असते.