खो-खो खेळणाऱ्या मुलीला गुडघ्याखाली दुखते. स्पर्धेला पाठवावे का?

प्रश्न (पालक, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ)
माझी मुलगी १२ वर्षांची असून शाळेच्या खो-खो संघात आहे. उन्हाळ्यापासून तिची उंची झपाट्याने वाढली आणि तेव्हापासून डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, टेंगूळ आल्यासारखे दिसते. उकिडवे बसून उठताना तिला तेथे दुखते. ती कोठे पडल्याचे मात्र आठवत नाही. हाड बसवणाऱ्याकडून चोळून घ्यावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, तर यजमान खेळच बंद करा म्हणतात. तालुका स्पर्धा तोंडावर आली आहे. काय करावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अमरावती)
ताई, निदान प्रत्यक्ष तपासणीनंतरच होईल, पण ही लक्षणे ऑस्गुड-श्लाटर या विकाराशी बरीच जुळतात. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी १९०३ मध्ये त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचा नाजूक थर असतो आणि तेथूनच हाड वाढते. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या, तुमच्या मुलीला दुखते नेमक्या त्याच, उंचवट्याला जोडलेला असतो. उंची भराभर वाढत असताना हा स्नायू आधीच ताठ झालेला असतो. त्यात चौकोनात बसलेली मुलगी खो मिळताच झटक्यात उठून धावते, तेव्हा प्रत्येक वेळी त्या जागेला हिसका बसतो आणि ती दुखू लागते.

खेळ कायमचा सोडण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र ती लंगडत असेल तर तिला खेळवू नका, मग स्पर्धा कोणतीही असो. खेळून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा आणि मांडीचे स्नायू रोज हलकेच ताणावेत. तेथे चोळणे मात्र टाळा. हाडांची वाढ पूर्ण झाली की दुखणे बहुधा थांबते, उंचवटा तेवढा राहू शकतो. रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप किंवा सांधा सुजणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उत्तर (क्रीडा शिक्षक, जि. वर्धा)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. आमच्याकडे पट कमी, त्यामुळे चपळ असलेली तीच मुले खो-खोत, कबड्डीत आणि लांब उडीतही उतरवली जातात. प्रत्येक संघाचा सराव वेगळा मोजला जातो, पण त्या मुलाच्या पायांवर पडणारा एकूण भार कोणीच मोजत नाही. मुलाचे वय जितके वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याचा सराव नसावा आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, हा सर्वसाधारण संकेत आहे. तुमच्या मुलीचे सगळे तास एकदा कागदावर मांडून तिच्या शिक्षकांना दाखवा. मैदानही पाहा. पाऊस उघडला की काळी माती दगडासारखी कडक होते व भेगाळते, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी पाणी मारून वरचा थर मोकळा करतो.

उत्तर (आशा सेविका, जि. चंद्रपूर)
चोळण्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. मुलांचे अस्थिबंध (सांध्यातील हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) वाढीच्या कूर्चेपेक्षा मजबूत असतात, त्यामुळे मोठ्या माणसाचे जेथे नुसते मुरगळेल, तेथे मुलाच्या कूर्चेला तडा गेलेला असू शकतो. पडल्यानंतर मनगट किंवा घोटा सुजला, हाडावर दाबताच मूल कळवळले किंवा त्याला पाय टेकता येईना, तर तेल न लावता, ओढाताण न करता तो भाग पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. तपासणी होईपर्यंत तिने निदान पळती बाजू खेळली तर चालेल का?

फिजिओथेरपिस्ट, अमरावती
नाही. हुलकावणी देताना एकदम थांबून वळावे लागते आणि त्याचा ताणही त्याच जागी येतो. तपासणीपर्यंत धावणे, उड्या मारणे आणि उकिडवे बसणे, तिन्ही थांबवा.