पाच पोरांच्या वर्गाची टक्केवारी काढून शाळा नापास ठरवायची का?

झाडीपट्टीकर
आमच्या गडचिरोलीची एक बातमी ठरलेली असते: पाचवीच्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. त्याखाली लोक सुरू होतात. गुरुजी फुकटचा पगार घेतात, जिल्हा परिषदेच्या शाळांना कुलूप लावा, वगैरे. माझं म्हणणं एवढंच, की आकड्यावर बोलण्याआधी वर्गात कोण बसलंय ते बघा.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं, आणि 38 टक्क्यांहून जास्त आदिवासी. गावं बारकी, जंगलात पांगलेली. शाळाही तशाच. आमच्या शाळेत पाचवीला पाच पोरं आहेत. दोघं अडखळली की झाले 40 टक्के नापास! त्यातली एक मायबापासोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली, की हजेरी 20 टक्क्यांनी घसरली. राज्याचा जननदर 2019-21 च्या पाहणीत बाईमागे 1.7 मुलांवर आला, म्हणजे पहिलीत यायला मुळात पोरंच कमी.

उरलेल्यांतही ज्याच्या हातात दोन पैसे आले, त्यानं पोराला तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकलं. मागे राहिली ती मजुरांची, आजीकडे ठेवलेली, घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी. दोन्हीकडचे मार्क शेजारी ठेवून तुम्ही मायबापांचीच तुलना करता.

चामोर्शीचा पालक
भाऊ, तुमचं गणित बरोबर असन. पण मी बी मजूरच आहो जी, अन् तरी व्हॅनचे पैसे भरतो. कावून? माहं पोट्टं तिसरीत होतं तवा धडा धडाधड म्हणून दाखवे. मले वाटे, काय हुशार आहे! एक दिवस बाजूले बसलो तर बोट खालच्या ओळीवर अन् तोंडात वरची ओळ. पान बदललं तरी तोच धडा चालू. सगळं पाठ. तीन वर्षांत कोणाच्या ध्यानात नाही आलं? यात जननदर कुठून आला?

दोनशिक्षकी
पालकदादा, तुमचा राग मी समजू शकते. पण आमचा दिवसही बघा. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते पाचवी, पाच वर्ग, दोघं जण. त्यातलं एक जण केंद्रावर बैठकीला, नाहीतर मतदार यादीच्या कामाला. मग चौथीला फळ्यावर भागाकार द्यायचा, पहिलीला पाटीवर गिरवायला लावायचं, तोवर तांदूळ-डाळीची नोंद, आणि ऑनलाइन माहिती 'आजच्या आज' हवी असते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावू नका म्हणतं. निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर काय काय येतं, ते आम्हालाच ठाऊक.

एकेका मुलाजवळ बसून वाचून घ्यायला हवं, हे कबूल. बसायला माणूस द्या.

नागपूर रिटर्न
मॅडम, हेच तर समूह शाळेच्या बाजूचं कारण आहे ना! 2023 मध्ये शासनानं अशा शाळांचे प्रस्ताव मागवले तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा दाखला दिला होता. चार गावची मुलं एकत्र आणा, बस द्या, वर्गाला एक शिक्षक मिळेल. पोरांना सोबतीही मिळतील. पाच पोरांत कबड्डीसुद्धा होत नाही. भावनेपोटी गावोगाव अर्धवट शाळा चालवण्यात कोणाचं भलं आहे?

झाडीपट्टीकर
बस कुठल्या रस्त्यानं आणणार सर? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडसारखं तालुक्याचं ठिकाण तुटतं, आडगावांचं सोडूनच द्या. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम भावनेपोटी आलेला नाही. सहा वर्षांची पोरगी नाला ओलांडून जाणार नाही, घरीच राहील. पटावर नाव समूह शाळेत आणि पोरगी म्हशीमागे. मोठ्या रस्त्यावरच्या गावांत करा खुशाल, माझा विरोध नाही.

एटापल्लीची
तुम्ही सगळे मराठीतल्या चाचणीवरच भांडताय. माझ्या धाकट्या भावाला पहिलीचं वर्षभर गुरुजी काय म्हणतात तेच कळत नव्हतं. गुरुजी चांगले होते, पण त्यांना माडिया येत नव्हती. राज्यघटनेच्या कलम 350-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर तिलाच बेकायदेशीर ठरवलं गेलं. आणि मग म्हणायचं, आदिवासी मुलं मागे का?

चामोर्शीचा पालक
ताई, गोंडीले माहा विरोध नाही. पण कचेरीत अर्ज मराठीत, मोबाइल इंग्रजीत. गरिबाच्या पोरालेच कावून प्रयोगाले बसवता?

एटापल्लीची
दादा, न कळणाऱ्या भाषेत सहा वर्षांच्या पोराला बसवणं हा प्रयोग नाही तर काय आहे? दोन वर्षं माडियातून शिकवून मराठीवर आणा. अर्जही लिहील आणि समजूनही लिहील.

दोनशिक्षकी
आकडेच काढायचे तर त्याच मुलाचे काढा: जूनअखेर शाळा उघडते तेव्हा तो कुठे होता, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कुठे पोचला. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते, सत्राअखेर संकलितही होते. शाळेला ते गुण मिळतातच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, पण बैठकीत सही सोडून कोणी काही विचारत नाही.

चामोर्शीचा पालक
विचारलं होतं मॅडम, सही करताकरताच. दुसऱ्या मास्तरची जागा कधी भरता म्हणून. उत्तर मिळालं, वरून आलं नाही. जागा भरली की पोट्टं वापस आणतो, व्हॅनचा खर्च मलेही जड आहे. तोवर तुमची पाचातली टक्केवारी तुम्ही काढत बसा.