खोडावरची कडक अळंबी नेमकी कोणती, कसं ओळखायचं?

रानभूल:
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात आंबोलीला जाऊन आलो, पाऊस धो धो होता त्यामुळे पक्षी फारसे दिसले नाहीत पण पडलेल्या ओंडक्यांवर अळंबीच अळंबी. छत्रीवाली नाही, खोडाला फळीसारखी आडवी चिकटलेली असतात ना ती. तीन प्रकारांचे फोटो काढलेत. एक जाडजूड, वरून वॉर्निश मारल्यासारखं लालसर तपकिरी, आणि त्याच्या खालच्या पानांवर कोको पावडरसारखी पूड साचलेली. दुसरं पातळ, पंख्यासारखं, वर रंगांची वलयं. तिसरं भडक केशरी, लांबून प्लॅस्टिकच वाटलं. नेटवर शोधलं तर दुसऱ्याला सगळीकडे टर्की टेल म्हणतात, पण खात्री वाटत नाहीये. कोणी सांगेल का?

देवराई_वेडा:
पहिलं गॅनोडर्मा, त्या पुडीवरूनच कळतं, ते त्याचे बीजाणू आहेत. वॉर्निशवाल्या गॅनोडर्माच्या पण बऱ्याच जाती आहेत, फोटोवरून जात सांगणं अवघड, तिथे मी तरी थांबतो. केशरी बहुतेक पिक्नोपोरस, मेलेल्या लाकडावर उन्हाच्या जागी हमखास येतं.
दुसऱ्याचं मात्र खालून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. वलयांवर जाऊ नका, वलयं डझनभर जातींना असतात. खाली टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असली तर ट्रॅमेटिस, म्हणजे टर्की टेलचं कुटुंब. छिद्रंच नाहीत, सपाट गुळगुळीत आहे, तर स्टेरियम. मधमाशीच्या पोळ्यासारखी मोठी षटकोनी भोकं असली तर हेक्सागोनिया. आणि चिरलेल्या पाकळ्या दिसल्या तर स्किझोफिलम, ते वरून पांढरट आणि लोकरीसारखं असतं. वरची बाजू शेवाळ, ऊन, पाऊस सगळ्याने बदलते हो, खालची त्यामानाने खरं बोलते.

कोकणातली_मावशी:
झाड कोणतं होतं ते पण लिहीत जा रे बाबा, फोटोसोबत निदान पानाचा तरी एक फोटो. आमच्याकडे फणसाच्या जुन्या खोडावर येतो तो फणसोंबा, माझी आजी सहाणेवर उगाळून लहान मुलांचं तोंड आलं की लावायची, लाळ गळत असली तरी तेच. तो फेलिनस, दगडासारखा कडक, आतून गंजाच्या रंगाचा. पण म्हणून फोटो बघून कुठलंही काढून उगाळू नका, आजी झाड ओळखायची, अळंबी नंतर.

देवराई_वेडा:
मावशी, अगदी बरोबर. फेलिनसची एक खूण सांगतो, तुकड्यावर ५ टक्के कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की काळा पडतो. त्याच्या सगळ्या कुळाचीच ती खूण आहे, त्यामुळे कूळ कळतं, जात नाही. अर्थात अभयारण्यात परवानगीशिवाय काही तोडायचं नाही, तिथे फोटोच. मोबाईल जमिनीला टेकवून कॅमेरा वर करायचा, किंवा छोटा आरसा खाली धरायचा, मी आरसाच वापरतो. अजून एक, लाकडाकडे पण बघा. पांढरं, तंतुमय, मऊ झालं असेल तर पांढरी कुज, तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडत असतील तर तपकिरी कुज. गॅनोडर्मा, ट्रॅमेटिस, स्टेरियम तिन्ही पांढरीवाले, त्यामुळे त्यांच्यात फरक करायला याचा उपयोग नाही पण बाकीची बरीच नावं बाद होतात.

रानभूल:
खूप खूप आभार. सगळे फोटो परत चाळले, माझे सगळे वरूनच काढलेले. पण मुलगी ओंडक्याखाली वाकून गोगलगायीचा फोटो काढत होती, त्यात वरच्या कडेला तेच पंखे खालून आलेत! झूम करून बघितलं, एकही छिद्र नाही, पिवळट आणि गुळगुळीत. म्हणजे स्टेरियमच ना? झाड बहुतेक जांभूळ, पण साल सगळी सुटलेली होती, पुढच्या वेळी शेजारच्या उभ्या झाडांची पण पानं टिपतो.

देवराई_वेडा:
हो, स्टेरियम म्हणायला हरकत नाही. तो गोगलगायीचा फोटो पण टाका इथे.